ज्यूलिअनची राजाज्ञा आणि ख्रिस्ती वाङ्मयाध्यापनाची परंपरा

१

शाळेत शिकविले जाणारे वाङ्मय आणि ते शिकविणाऱ्याची श्रद्धा यांचा परस्परसंबंध काय असावा, हा प्रश्न आधुनिक शिक्षणशास्त्राने निर्माण केला, अशी समजूत सामान्यतः आढळते. वस्तुतः इ. स. ३६२ मध्ये एका रोमन सम्राटाने तो राजाज्ञेच्या रूपाने विचारला होता. त्या वेळी ख्रिस्ती अध्यापकांनी व धर्मचिंतकांनी त्यास जी उत्तरे दिली, ती पुढे युरोपातील माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मुरून गेली. त्यांपैकी एका उत्तराने तर सतराव्या शतकाच्या आरंभी गोमंतकात मराठी ओवीचे रूप धारण केले. ख्रिस्ती दृष्टीने वाङ्मय व लेखन शिकविणे म्हणजे नेमके काय, याचा उलगडा व्हावयाचा असेल, तर या मूळ वादाकडे वळणे अवश्य ठरते.

वादाचे स्वरूप ध्यानी येण्यासाठी तत्कालीन शाळेची रचना प्रथम पाहिली पाहिजे. चौथ्या शतकातील रोमन साम्राज्यात सुस्थितीतील कुटुंबातला मुलगा अक्षरओळख झाल्यावर अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास व्याकरणपंडिताकडे जाई आणि चार-पाच वर्षांनी वक्तृत्वगुरूकडे. आजच्या माध्यमिक शिक्षणाशी तुलना करावयाची तर हा मधला टप्पा व तिसऱ्याचा आरंभ डोळ्यांपुढे आणावा लागेल. व्याकरणपंडित हा नावाने व्याकरणाचा असला, तरी त्याचे खरे कार्य काव्याध्यापनाचे होते. पूर्वेकडे होमर व हेसिअड, पश्चिमेकडे व्हर्जिल व टेरेन्स हे त्याचे मुख्य ग्रंथकार. ओळीमागून ओळ घेऊन तो शब्दांची रूपे, वृत्त, अलंकार आणि पुराणकथांचे संदर्भ उलगडून दाखवी. देवदेवतांची वंशावळ ठाऊक नसेल, तर काव्याचा अर्थच लागत नसे. म्हणून तीही पाठ करावी लागे.

लेखनाचे शिक्षणही याच सामग्रीवर उभारलेले होते. अँटिऑकच्या लिबेनिअसचा शिष्य आफ्थोनिअस याने लेखनाभ्यासाचे चौदा प्रकार क्रमवार मांडले आहेत. बोधकथा पुन्हा सांगणे, प्रसंगाचे निवेदन करणे, सुभाषिताचा विस्तार करणे, स्तुती, निंदा, तुलना, वर्णन अशा पायऱ्या चढत विद्यार्थी युक्तिवादापर्यंत पोहोचे. त्यांत एक प्रकार परकायाप्रवेशाचा होता. अपत्ये मृत्यू पावल्यावर निओबी काय बोलली असती, हे विद्यार्थ्याने तिच्या मुखाने लिहावयाचे. सारांश, वाचणे काय किंवा लिहिणे काय, दोन्हींचा प्राण जुन्या देवतांच्या कथांत होता.

ख्रिस्ती समाजापाशी यास पर्यायी अशी स्वतःची शाळा नव्हती. कायदा, राज्यकारभार आणि पुढे धर्मपीठावरील प्रवचन या सर्वांची वाट याच शाळेतून जात असल्यामुळे ख्रिस्ती मातापित्यांची मुलेही तेथेच जात. इ. स. २०० च्या आसपास कार्थेजच्या टर्टुलिअनने या परिस्थितीवर एक कठोर तोडगा सुचविला होता. ख्रिस्ती मुलाने हे वाङ्मय शिकण्यास हरकत नाही, कारण त्यावाचून त्याचे चालणार नाही. परंतु ख्रिस्ती माणसाने ते शिकवू मात्र नये. शिकणारा आपल्या मनाशी स्वीकार-नकार करू शकतो; शिकविणारा मात्र देवतांची नावे उच्चारता उच्चारता त्यांचा पुरस्कर्ता बनतो, असा त्याचा विचार होता. व्यवहारात हा निर्बंध कोणी फारसा मानला नाही. चौथ्या शतकाच्या मध्यास साम्राज्यातील काही अत्यंत नामांकित वक्तृत्वगुरू ख्रिस्ती होते.

२

ज्यूलिअनचा जन्म ख्रिस्ती राजकुटुंबात झाला. बालपणी मार्डोनिअस नावाच्या शिक्षकाने त्यास होमरची गोडी लाविली, आणि तरुणपणी त्याने जुन्या देवतांची उपासना मनोमन स्वीकारली. इ. स. ३५५ मध्ये तो अथेन्स येथे शिकत असता बेसिल व नाझिआन्झसचा ग्रेगरी हे दोन ख्रिस्ती तरुणही त्याच नगरीत विद्यार्थी होते. पुढील वादातील प्रमुख पक्षकार एकाच विद्यापरंपरेत घडले होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. इ. स. ३६१ च्या अखेरीस ज्यूलिअन एकछत्री सम्राट झाला.

१७ जून ३६२ या दिनांकाची त्याची राजाज्ञा वरवर निरुपद्रवी वाटते. अध्यापक हा प्रथम शीलाने व मग वक्तृत्वाने श्रेष्ठ असावा. नगरसभेने त्याची परीक्षा घेऊन निवड करावी. आणि ती निवड मान्यतेसाठी सम्राटापुढे यावी, एवढेच तीत म्हटले आहे. ख्रिस्ती लोकांचा उल्लेखही तीत नाही. ‘शील’ या शब्दाचा सम्राटास अभिप्रेत असलेला अर्थ त्याच्या एका पत्रावरून स्पष्ट होतो. ज्याच्या मनात एक आणि मुखी दुसरे, तो प्रामाणिक अध्यापक नव्हे, असे त्याचे प्रतिपादन आहे. होमर, हेसिअड, हिरोडोटस, थ्यूसिडिडीझ, डेमॉस्थिनीझ यांना देवतांनीच विद्या दिली. त्या देवतांना तुच्छ लेखून त्यांच्या भक्तांचे ग्रंथ पोटासाठी शिकविणे ही एक प्रकारची लबाडी होय. ज्यांना हे ग्रंथ भ्रामक वाटतात, त्यांनी आपल्या प्रार्थनामंदिरांत जाऊन मत्तय व लूक यांचे विवरण करावे. विद्यार्थ्यांना मात्र शाळेत येण्यास मज्जाव नव्हता.

या युक्तिवादाची धार लक्षात घेण्याजोगी आहे. दीडशे वर्षांपूर्वी टर्टुलिअनने जे ख्रिस्ती निष्ठेपोटी म्हटले, तेच ज्यूलिअन उलट्या बाजूने म्हणत होता. दोघांच्याही मते ग्रंथ शिकविणे आणि ग्रंथातील श्रद्धेस साक्ष देणे या दोन गोष्टी अविभाज्य होत्या. राजाज्ञेत राजकारण होते यात शंका नाही. ख्रिस्ती अध्यापक नाहीसे झाले, की ख्रिस्ती मुलांना एक तर जुन्या धर्माच्या गुरूंकडे जावे लागणार किंवा प्रतिष्ठेच्या सर्व व्यवसायांस मुकावे लागणार, हे उघड होते. तथापि केवळ राजकारण म्हणून तिची बोळवण करणे योग्य होणार नाही. अध्यापकाच्या प्रामाणिकपणाविषयी तीत एक खरा प्रश्न होता. आणि तरीही ज्यूलिअनचा चाहता असलेला, स्वतः ख्रिस्ती नसलेला इतिहासकार अमिआनस मार्सेलिनस यानेही ही आज्ञा निष्ठुर ठरविली असून ती विस्मृतीत गाडली जावी असे म्हटले आहे.

३

पहिली प्रतिक्रिया त्यागाची होती. रोममध्ये मारिअस व्हिक्टोरिनस या वृद्ध वक्तृत्वगुरूचा पुतळा ट्रेजनच्या चौकात त्याच्या हयातीतच उभारला गेला होता. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. राजाज्ञा येताच त्याने आपली शाळा सोडली. अथेन्समध्ये प्रोहेरेसिअस यास ज्यूलिअनने आपला जुना गुरू म्हणून सूट देऊ केली, परंतु ती नाकारून त्यानेही अध्यापन थांबविले, असे जेरोमने नमूद केले आहे. ज्या विद्येवर त्यांनी आयुष्य वेचले, तिचे दार एका वाक्याने बंद झाले होते.

दुसरी प्रतिक्रिया पर्यायाची होती. सिरियातील लाओडिसिआ येथील पितापुत्र, दोघेही अपॉलिनेरिस नावाचे, यांनी शाळेसाठी नवे पाठ्यवाङ्मयच रचावयास घेतले. पाचव्या शतकातील इतिहासकार सॉक्रेटीस सांगतो त्याप्रमाणे, पित्याने मोशेचे ग्रंथ वीरकाव्याच्या वृत्तात बसविले, तर पुत्राने शुभवर्तमान प्लेटोच्या संवादांच्या धर्तीवर लिहिले. दुसरा इतिहासकार सोझोमेन हे सारे पुत्राचेच कर्तृत्व मानतो आणि त्यात होमरच्या नमुन्याचे चोवीस सर्गांचे महाकाव्य, मिनँडरसारखी सुखान्त नाटके, युरिपिडीझसारख्या शोकांतिका व पिंडरसारखी स्तोत्रे यांची भर घालतो. कल्पना सरळ होती: पात्र तेच ठेवावयाचे, आतील द्रव्य बदलावयाचे. यास पूर्वाधारही होता, इ. स. ३३० च्या सुमारास स्पेनमधील युव्हेन्कस याने शुभवर्तमान लॅटिन वीरवृत्तात रचले होते.

अपॉलिनेरिस पितापुत्रांचे हे शालेय वाङ्मय आज उपलब्ध नाही. जून ३६३ मध्ये इराणवरील स्वारीत ज्यूलिअन मारला गेला, ३६४ मध्ये अध्यापकांना पुन्हा मुभा मिळाली, आणि शाळा निमूटपणे होमरकडे परतल्या. सॉक्रेटीस तर लिहितो, की त्यांचे श्रम जणू झालेच नव्हते अशी त्यांची गत झाली. हा इतिहासकार स्वतः ख्रिस्ती होता. ग्रीक विद्या ख्रिस्ती तरुणांना आवश्यक आहे, असे तो तेथेच आग्रहाने मांडतो. गरजेपोटी घाईने रचलेले आज्ञाधारक वाङ्मय शाळेत टिकले नाही, ही या प्रसंगाची पहिली शिकवण होय.

तिसरी प्रतिक्रिया हक्काची होती. ग्रेगरीने ज्यूलिअनविरुद्ध दोन प्रखर भाषणे रचली. भाषा आणि वक्तृत्व ही कोणा एका देवतेच्या भक्तांची मिरास नव्हे; जो ती बोलतो त्याची ती आहे, असा त्यांतील एका मुद्द्याचा आशय आहे. ज्यूलिअनच्या समीकरणावर हा थेट आघात होता. ग्रीक भाषा व ग्रीक धर्म एकच, असे ज्यूलिअन मानी. ग्रेगरीने त्यांची फारकत केली. त्याने स्वतः आयुष्याच्या उत्तरकाळात ग्रीक वृत्तांत हजारो ओळी लिहून आपला हक्क बजावलाही.

४

शाळेच्या दृष्टीने सर्वांत फलदायी उत्तर मात्र बेसिलचे ठरले. ग्रीक वाङ्मयापासून तरुणांनी लाभ कसा करून घ्यावा, या विषयावरील त्याचे छोटेसे प्रवचन शाळेत जाणाऱ्या मुलांना उद्देशून आहे. त्यात बहिष्कारही नाही आणि पर्यायी पाठ्यपुस्तकही नाही. आहे ती वाचण्याची रीत. मधमाशी सर्व फुलांवर बसत नाही, आणि ज्यांवर बसते त्यांतीलही सारे काही नेत नाही. गुलाब तोडणारा काटे टाळतो. रंगारी कापडास रंग देण्यापूर्वी त्याची पूर्वतयारी करतो. असे एकेक दृष्टान्त देत तो मुलांना निवड शिकवितो. ओडिसिअस परक्या किनाऱ्यावर विवस्त्र सापडला असता राजकन्येच्या मनात त्याच्याविषयी आदरच उपजला, या होमरच्या प्रसंगात शील हेच खरे वस्त्र असल्याचे तो दाखवितो. पापपुण्याच्या द्विवाटेवर उभ्या असलेल्या हर्क्युलिसची कथाही तो वर्ज्य मानीत नाही.

या रीतीचे मूल्य मोठे आहे, तशी तिची मर्यादाही आहे. तिने परधर्मीय ग्रंथ ख्रिस्ती मुलाच्या हाती निर्भयपणे दिला. अध्यापकास एक विवेकाचे साधन दिले. परंतु मध गोळा करणाऱ्यास फुलाच्या स्वतःच्या जीवनाशी कर्तव्य नसते. होमर काय म्हणतो यापेक्षा होमरमधून काय घेता येईल, याकडे दृष्टी वळली, की काव्य हे नीतिवचनांचे कोठार बनते. पुढील अनेक शतकांच्या शालेय टीकाग्रंथांत हा दोष पदोपदी दिसतो.

पश्चिमेकडे ऑगस्टीनने हीच समस्या आतून अनुभविली. कार्थेज, रोम व मिलान येथे वक्तृत्व शिकवून इ. स. ३८६ मध्ये त्याने तो व्यवसाय सोडला. आपल्या आत्मनिवेदनात तो शाळकरी वयाचा विचार करताना म्हणतो, की व्हर्जिलच्या डिडोच्या मृत्यूसाठी आपण अश्रू ढाळले, परंतु स्वतःच्या आत्म्याच्या दुर्दशेसाठी ढाळले नाहीत. हे उद्गार काव्याविरुद्धची तक्रार म्हणून नेहमी सांगितले जातात. तथापि काव्याचा मनावर किती खोल परिणाम होतो, याची याहून थोर कबुली दुसरी क्वचितच असेल. बेसिलच्या मधमाशीपेक्षा ऑगस्टीनच्या अश्रूंत वाङ्मयाचे खरे सामर्थ्य अधिक व्यक्त होते.

इ. स. ३९६ च्या सुमारास आरंभिलेल्या आणि तीस वर्षांनी पुऱ्या केलेल्या ख्रिस्ती अध्यापनविषयक ग्रंथात ऑगस्टीनने आपला निर्णय दिला. इजिप्तमधून निघताना इस्राएली लोकांनी तेथील सोने-चांदी बरोबर नेली. तद्वत परधर्मीयांच्या विद्येतील जे सत्य, ते ख्रिस्ती माणसाने स्वकार्यासाठी घ्यावे. याच ग्रंथाचा चौथा भाग लेखन व भाषण यांविषयी आहे. पौल, आमोस, सिप्रिअन व अँब्रोझ यांचे उतारे घेऊन साधी, मध्यम व उदात्त अशा तिन्ही शैलींचे तो विश्लेषण करतो. नियम घोकण्यापेक्षा उत्तम लेखकांच्या वाचन-श्रवणाने आणि अनुकरणाने वक्तृत्व अधिक सहजपणे येते, हे त्याचे मत माजी अध्यापकाच्या अनुभवातून आलेले आहे. अपॉलिनेरिसने धर्मग्रंथांवर होमरचा वेश चढविला. ऑगस्टीनने धर्मग्रंथांची स्वतःचीच शैली वर्गात अभ्यासण्याजोगी आहे, असे दाखवून दिले.

५

प्रबोधनकाळात ही परंपरा पुन्हा उजळली. इ. स. १४०० च्या सुमारास लेओनार्दो ब्रूनी याने बेसिलच्या प्रवचनाचे लॅटिन भाषांतर केले, आणि अभिजात वाङ्मय शिकविणाऱ्यांना ते संरक्षक कवचासारखे उपयोगी पडले. १५९९ मध्ये जेझुइट संघाने आपल्या शाळांसाठी निश्चित केलेल्या अध्ययनक्रमात खालच्या पाच इयत्ता होत्या: व्याकरणाच्या तीन, मानव्यविद्येची एक व वक्तृत्वाची एक. गद्यलेखनाचा आदर्श सिसेरो. अध्यापकाने उतारा वाचावा, आशय सांगावा, शब्दयोजना उलगडावी आणि विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिहावे, ही पद्धती. अश्लील भाग गाळलेल्या आवृत्त्या वापरल्या जात. बेसिलची निवड आणि ऑगस्टीनचे अनुकरण यांचा हा शिस्तबद्ध मिलाफ होता.

याच संघाचा इंग्रज धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मधील मृत्यूपर्यंत त्याचे कार्य मुख्यतः साष्टी प्रांतात चालले. त्याचे कोंकणीचे व्याकरण मरणोत्तर १६४० मध्ये छापले गेले. १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत मुद्रित झालेले त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे आहे. ओवी, पुराणाची संवादात्मक मांडणी आणि मराठी संतकवींची परिचित शब्दकळा हे पात्र त्याने घेतले. बायबलातील सृष्ट्युत्पत्तीपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतचे द्रव्य त्यात ओतले. अपॉलिनेरिसचा जो प्रयत्न लाओडिसिआत विरून गेला, त्याच जातीचा प्रयत्न साष्टीत टिकला. स्टीफन्सने ज्या भाषेत लिहिले, तिच्या सौंदर्यावर त्याचे खरे प्रेम होते, हे त्याचे एक कारण मानता येईल.

येथे एक भेद मात्र स्पष्टपणे नोंदविला पाहिजे. अपॉलिनेरिसने लिहिले ते सत्तेने त्याच्या शिष्यांपासून अध्यापक हिरावून घेतल्यामुळे. स्टीफन्सच्या काव्याच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री-गुरूजवळ जुन्या पुराणांच्या जागी नव्या पुराणाची मागणी करतो. ती पुराणे नाहीशी झाली होती, कारण गोमंतकातील ख्रिस्ती राजसत्तेनेच सोळाव्या शतकात त्यांवर बंदी घातली होती. म्हणजे या वेळी ज्यूलिअनचे आसन ख्रिस्ती सत्तेकडे होते. पुढे २७ जून १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापरावरही निर्बंध घातला; ज्या भाषेत ख्रिस्तपुराण रचले गेले, तीच भाषा राज्यकर्त्यांना नकोशी झाली. भाषा बोलणाऱ्याची असते, हे ग्रेगरीचे सूत्र त्याच्याच धर्माच्या सत्तेने मोडले.

६

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात या प्रश्नाने आणखी एक वळण घेतले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत इंग्रजी शाळा काढली, त्यानंतर मिशनच्या व सरकारी शाळांतून हिंदू विद्यार्थी मोठ्या संख्येने इंग्रजी वाङ्मय वाचू लागले. ते वाङ्मय ख्रिस्ती संस्कृतीत वाढलेले होते. आता परधर्मीय ग्रंथापुढे बसलेला विद्यार्थी हिंदू होता, आणि बेसिलचा प्रश्न त्याला सोडवावयाचा होता.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचे उदाहरण या दृष्टीने अत्यंत बोलके आहे. मिशनऱ्यांच्या धर्मप्रचारावर त्यांनी ‘शालापत्रका’तून व ‘निबंधमाले’तून कठोर टीका केली. परंतु डॉ. जॉन्सन या निष्ठावंत ख्रिस्ती लेखकाविषयी त्यांना विलक्षण आदर होता. त्यांचे वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेले ‘रासेलस’चे मराठी भाषांतर त्यांनी पूर्ण केले, ‘निबंधमाले’त जॉन्सनवर विस्ताराने लिहिले, आणि मराठी निबंधाला जी भारदस्त वाक्यरचना दिली तीत इंग्रजी गद्याच्या व्यासंगाचा मोठा वाटा आहे. पुणे व रत्नागिरी येथील सरकारी हायस्कुलांत त्यांनी अध्यापन केले आणि १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल स्थापन केले. शाळेच्या नावातही ‘इंग्लिश’ राहिले. ज्यूलिअनच्या कसोटीने पाहता जॉन्सन शिकविण्यास ते अपात्र ठरले असते. मराठी गद्याचा इतिहास मात्र ती कसोटी मान्य करणार नाही.

या दीर्घ इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. ख्रिस्ती वाङ्मयाध्यापनाची जी परंपरा टिकली, तिचा पाया स्वधर्मीय पाठ्यपुस्तकांवर नव्हे, तर परधर्मीय ग्रंथ वाचण्याच्या हक्कावर उभा आहे. ग्रंथ समजून घेणे व ग्रंथातील दैवतास शरण जाणे या दोन क्रिया भिन्न आहेत, हे तत्त्व तिने संकटकाळी सिद्ध केले. पण तत्त्व सिद्ध करणाऱ्याची खरी परीक्षा सत्ता हाती आल्यावर होते. ज्यूलिअनच्या साम्राज्यात जो हक्क मागितला गेला, तो गोमंतकात नाकारला गेला. आणि ज्यांनी बेसिलचे नावही क्वचितच ऐकले असेल, अशा मराठी अध्यापकांनी तो आपल्या वर्गात न मागता वापरला. अध्यापकाच्या प्रामाणिकपणाविषयी ज्यूलिअनने जे विचारले, त्याचे उत्तर त्याच्या उपासनेत शोधावयाचे नसून, समोरच्या ग्रंथास तो किती न्याय देतो यात शोधावयाचे असते. हा न्याय परक्याच्या ग्रंथाला देता आला, तरच स्वतःच्या ग्रंथासाठी तो मागण्याचा अधिकार प्राप्त होतो.